३३ अंशांची उलटतपासणी

विज्ञानावरच्या लोकप्रिय लेखनात काही गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात. आना बोगेनहोल्म या स्वीडिश डॉक्टरची गोष्ट त्यांपैकीच एक. २० मे १९९९ रोजी नॉर्वेच्या उत्तर भागात, नार्विकजवळ, स्कीइंग करताना तोल जाऊन ती गोठलेल्या ओढ्यात डोक्याकडून पडली आणि बर्फाच्या थराखाली अडकली. हवेची एक पोकळी सापडल्यामुळे सुमारे ४० मिनिटे ती शुद्धीवर होती. मग हृदय थांबले. बाहेर काढेपर्यंत एकूण ८० मिनिटे झाली होती. ट्रोम्सोच्या रुग्णालयात पोचल्यावर तिच्या शरीराचे तापमान मोजले, ते १३.७ अंश सेल्सिअस भरले. रक्त शरीराबाहेर काढून, गरम करून परत आत सोडणाऱ्या यंत्राच्या मदतीने तिला हळूहळू ऊब दिली गेली, हृदय पुन्हा चालू झाले आणि दीर्घ आजारानंतर ती बरी होऊन डॉक्टरकीच्या कामावर परतली.

गोष्ट खरी आहे, सांगावी अशीही आहे. आमचा आक्षेप आहे तो या गोष्टीच्या पाठोपाठ येणाऱ्या वाक्याला. ते वाक्य साधारण असे असते: ‘म्हणूनच आता हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या रुग्णांना डॉक्टर बर्फाने थंड करतात आणि त्यांचा मेंदू वाचवतात.’ या ‘म्हणूनच’मध्ये एक मोठी उडी आहे. वर्गात हा विषय निघाला, तर विद्यार्थ्यांना ती उडी दाखवून देता येईल, आणि तिच्या निमित्ताने वैद्यकातला पुरावा कसा वाचायचा हेही दाखवता येईल. गेल्या २०-२५ वर्षांत या उपचाराचे जे झाले, ते पाठ्यपुस्तकातल्या ‘निरीक्षण, अनुमान, प्रयोग, निष्कर्ष’ या चार सरळ पायऱ्यांत बसत नाही. तरी विज्ञान कसे चालते हे समजायला त्याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

उडी कोणती ते आधी पाहू. बोगेनहोल्म आधी थंड झाली, तिचे हृदय नंतर थांबले. शरीर थंड झाले की मेंदूची प्राणवायूची गरज कमी होते. दर अंशामागे साधारण ६ ते ७ टक्क्यांनी. तापमान फारच उतरले तर ही गरज इतकी खाली येते, की पुरवठा थांबला तरी पेशी बराच वेळ तग धरतात. गिऱ्हाईक कमी झाल्यावर दुकानातला माल पुष्कळ दिवस पुरावा, तसे हे आहे. रस्त्यात किंवा घरात कोसळलेल्या माणसाची स्थिती नेमकी उलटी असते. त्याचे हृदय थांबते तेव्हा शरीर ३७ अंशांवर असते, गरज पुरेपूर असते. १०-१५ सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा व्हायला लागते. कोणी छाती दाबत राहिले, कोणी विजेचा झटका दिला, हृदय पुन्हा सुरू झाले, तर रुग्ण अतिदक्षता विभागात पोचतो आणि तिथे त्याला थंड करायचे. म्हणजे दुकान लुटले गेल्यावर गिऱ्हाईक कमी करण्यासारखे!

(इथे एक खुलासा. हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट हे शब्द वर्तमानपत्रे सर्रास एकाच अर्थी वापरतात. पहिल्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुंबतो. माणूस पुष्कळदा शुद्धीवर असतो, छातीत दुखते म्हणून सांगतो. दुसऱ्यात हृदयाचे पंपाचे कामच थांबते. बहुधा निलयांचे स्नायू एका तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, पण दोन्ही एक नव्हेत. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे.)

मग इजा झाल्यानंतर थंड करण्यात काही अर्थ आहे का? असू शकतो. रक्तपुरवठा परत सुरू झाला की इजा थांबते असे नाही. एका अर्थी तिचा दुसरा अंक तेव्हाच सुरू होतो. पेशींबाहेर ग्लुटामेट साचते, पेशींमध्ये कॅल्शियम शिरते, प्राणवायू परत मिळताच घातक मुक्त कण तयार होतात, मेंदूला सूज येते. हे सगळे काही तास, काही दिवस चालू राहते. थंडाव्यामुळे या साखळीतल्या अनेक कड्या मंदावतात. १९८७ साली मायामीच्या बुस्टो आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ रोखून दाखवून दिले, की त्या वेळी मेंदूचे तापमान अवघे दोन-तीन अंश कमी असले तरी पेशींची हानी पुष्कळच कमी होते. केवळ प्राणवायूची गरज कमी होण्याने एवढा फायदा समजत नाही. हिशेब करून पाहा: ३७ वरून ३३ अंशांवर आले तर गरज साधारण पाव हिश्श्याने घटते, म्हणजे पाच मिनिटे तग धरणारी पेशी फार तर साडेसहा मिनिटे धरेल. म्हणजे थंडावा याहून वेगळे काहीतरी करत असला पाहिजे, असा तर्क निघाला. तर्क चांगला होता. पण उंदरांचा मेंदू त्या वेळीच थंड होता, किंवा कुत्र्यांवरच्या प्रयोगांत तो काही मिनिटांत थंड केला जात होता, ही गोष्ट पुढे विसरली गेली.

माणसांवर हा उपचार नवा नाही. शस्त्रक्रियेसाठी हृदय थोडा वेळ थांबवायचे तर शरीर आधी थंड करावे, ही टोरांटोच्या बिगेलो यांची १९५० ची कल्पना. १९५२ साली मिनेसोटात लुईस यांनी त्या पद्धतीने पाच वर्षांच्या मुलीच्या हृदयातले छिद्र बुजवले. हे सगळे ‘आधी थंड’ या प्रकारातले. हृदय थांबून सुरू झाल्यानंतर थंड करण्याचा एक जुना अहवाल बाल्टिमोरचा, १९५९ चा. रुग्ण अवघे १९. त्यांतल्या १२ जणांना ३० ते ३२ अंशांपर्यंत थंड केले, त्यांतले ६ जगले; ७ जणांना थंड केले नाही, त्यांतला १ जगला. कोणाला थंड करायचे हे डॉक्टरच ठरवत होते. पुनरुज्जीवनशास्त्राचे आद्य प्रवर्तक पीटर साफार यांनी १९६४ साली आपल्या आराखड्यात शीतोपचाराला जागा दिली. पण इतक्या कमी तापमानाला हृदयाचा ताल बिघडे, जंतुसंसर्ग होई, रक्तस्राव थांबेना. उपचार मागे पडला. १९८० च्या दशकात, ३० अंशांऐवजी ३३-३४ अंशही पुरतात असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसल्यावर तो परत आला.

आता मूळ मुद्द्याकडे. २१ फेब्रुवारी २००२ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या अंकात एकापाठोपाठ दोन निबंध आले, आणि शीतोपचाराचा जगभर प्रसार झाला तो या दोन निबंधांच्या बळावर. ते नीट वाचण्यासारखे आहेत. त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक लेखक फक्त त्यांचा शेवटचा आकडा सांगतात.

पहिला निबंध युरोपचा. पाच देशांतली नऊ केंद्रे, २७५ रुग्ण. अर्ध्यांना ३२ ते ३४ अंशांवर २४ तास ठेवले, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पाहिले तर थंड केलेल्या १३६ पैकी ७५ जण, म्हणजे ५५ टक्के, स्वतःचे स्वतः जगता येईल इतपत चांगल्या स्थितीत होते. दुसऱ्या गटात १३७ पैकी ५४, म्हणजे ३९ टक्के. मृत्यूंचे प्रमाण ४१ विरुद्ध ५५ टक्के. केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. हा निकाल अतिशय प्रभावी आहे, यात वाद नाही. दर सहा रुग्णांना थंड केले तर एक जास्तीचा माणूस धड स्थितीत घरी जातो, असा त्याचा अर्थ. फार थोड्या उपचारांना असा दावा करता येतो.

पण त्याच निबंधात लिहिलेल्या इतर गोष्टी पाहा. हे २७५ रुग्ण निवडण्यासाठी ३५५१ रुग्ण तपासले गेले. म्हणजे शंभरातल्या साधारण आठच जणांना प्रवेश मिळाला: ज्यांना कोसळताना कोणीतरी पाहिले होते, ज्यांचे निलय थरथरत होते, ज्यांच्यापर्यंत मदत ठरावीक मिनिटांत पोचली होती, ज्यांचे वय ७५ च्या आत होते. उरलेल्या ९२ जणांविषयी हा निबंध काही सांगत नाही, सांगू शकत नाही. दुसरे, पुरेसे रुग्ण भराभर मिळेनात आणि पैसे संपले, म्हणून ही चाचणी ठरल्याआधीच थांबवावी लागली. तिसरे, रुग्णाला थंड केले आहे की नाही हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दिसत होते. ते लपवणार तरी कसे? सहा महिन्यांनी रुग्णाची स्थिती तपासणाऱ्यांना त्याचा गट माहीत नव्हता, हे खरे. पण अतिदक्षता विभागातल्या अशा रुग्णांचे पुष्कळसे मृत्यू हृदयामुळे होत नाहीत. मेंदू सुधारण्याची आशा नाही असे ठरवून यंत्रांची मदत काढून घेतल्यावर होतात. ही आशा सोडायची कधी, हे ठरवणाऱ्या डॉक्टरला ‘याला नवा उपचार मिळाला आहे’ हे ठाऊक असेल, तर तो दोन दिवस जास्त थांबणार नाही का? थंड केलेल्या रुग्णाच्या शरीरात गुंगीची औषधे रेंगाळतात, त्यामुळेही थांबणे आलेच. थांबणाऱ्यालाच शुद्धीवर आलेला रुग्ण पाहायला मिळतो.

चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती निबंधातल्या आलेखात उघड दिसते. थंड न केलेल्या गटाचे तापमान ३७ अंशांवर राहिले नाही. ते वर चढत गेले. त्या गटातल्या बऱ्याच रुग्णांना तापच होता. हृदय पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत ताप येणे नेहमीचेच आहे. मग या चाचणीत तुलना कशाची कशाशी झाली? थंड विरुद्ध सामान्य अशी, की थंड विरुद्ध तापलेले अशी? फायदा ३३ अंशांचा, की ३८ अंश टळल्याचा? वनस्पतीला खत घालून वाढ मोजायची आणि शेजारच्या कुंडीला पाणीच घालायचे नाही, असा प्रयोग एखाद्या विद्यार्थ्याने केला, तर आपण त्याला तेवढ्यात थांबवतो.

दुसरा निबंध मेलबर्नच्या बर्नार्ड आणि सहकाऱ्यांचा. रुग्ण ७७. थंड करायला सुरुवात रुग्णवाहिकेतच, साध्या बर्फाच्या पिशव्यांनी. ३३ अंशांवर १२ तास. थंड केलेल्या ४३ पैकी २१ जण घरी किंवा पुनर्वसन केंद्रात जाण्याच्या स्थितीला आले, दुसऱ्या गटातल्या ३४ पैकी ९. इथे गट ठरवण्याची पद्धत मजेशीर आहे: विषम तारखेला आलेल्या रुग्णाला थंड करायचे, सम तारखेला नाही. दिसायला हे चिठ्ठी टाकण्यासारखेच. पण चिठ्ठी उघडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही, आणि आज तारीख किती हे रुग्णवाहिकेतल्या प्रत्येकाला माहीत असते. आज १७ तारीख, हा रुग्ण जरा बरा दिसतो, याला चाचणीत घ्यावे. किंवा आज १८, नको घ्यायला, अशी निवड कोणी जाणूनबुजून केली असे आम्ही म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. पद्धतीत त्याला वाव राहिला, एवढेच. ३१ दिवसांच्या महिन्यांमुळे वर्षात सम तारखांपेक्षा विषम तारखा जरा जास्त येतात, हेही मुलांना मोजायला द्यावे. ३६५ पैकी १८६ निघतील. त्या हिशेबाने ७७ पैकी ३९ जण थंड गटात यायला हवे होते, आले ४३. एवढा फरक योगायोगानेही पडतो. चिठ्ठी असती तर हा हिशेब करण्याची वेळच आली नसती.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना या निबंधात आणखी एक खाऊ आहे. काय-वर्ग कसोटीने हा निकाल तपासू. थंड गटात चांगले २१, वाईट २२. दुसऱ्या गटात चांगले ९, वाईट २५. २१ गुणिले २५ वजा २२ गुणिले ९, म्हणजे ३२७. त्याचा वर्ग गुणिले ७७. भागिले ४३, ३४, ३० आणि ४७ यांचा गुणाकार. उत्तर ३.९९. शंभरात पाचाची प्रचलित मर्यादा ओलांडायला ३.८४ लागतात, म्हणजे निकाल पास. आता थंड गटातला एकच रुग्ण चांगल्याकडून वाईटाकडे सरकवा, २१ ऐवजी २० करा, आणि परत हिशेब करा. उत्तर येते ३.२५. नापास! मेलबर्नमधला एक माणूस घरी जाण्याऐवजी शुश्रूषागृहात गेला असता, तर हा निबंध ‘फरक आढळला नाही’ म्हणून छापला गेला असता. ३.८४ या आकड्यात काही जादू नाही हे मान्य, ३.२५ म्हणजे उपचार निरुपयोगी असेही नाही. पण एका माणसावर लटकलेल्या निष्कर्षाचे ओझे केवढ्या मोठ्या खुंटीवर टांगले गेले, ते पुढे पाहा.

२००३ साली पुनरुज्जीवनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय संपर्क समितीने शिफारस केली: रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या, निलय थरथरत असलेल्या आणि हृदय सुरू झाल्यावरही बेशुद्ध असलेल्या प्रौढांना ३२ ते ३४ अंशांवर १२ ते २४ तास ठेवावे. इतर प्रकारच्या रुग्णांनाही कदाचित उपयोग होईल, अशी पुस्ती तिला जोडलेली होती. पाहता पाहता ती पुस्ती मूळ वाक्याइतकीच ठळक झाली. थंड करण्याची यंत्रे आली. रक्तवाहिनीत घालायच्या नळ्या, पाणी खेळवलेल्या गाद्या. शीतोपचार न देणारे रुग्णालय मागासलेले ठरू लागले. आणि ‘आता थंड न केलेला गट ठेवून चाचणी घेणे अनैतिक ठरेल’ असा युक्तिवाद ऐकू येऊ लागला. या युक्तिवादाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. उपचार खरोखरच गुणकारी असेल तर तो बिनतोड आहे. नसेल तर तो चूक सापडण्याची वाटच बंद करतो. आणि गुणकारी आहे की नाही, हाच तर प्रश्न होता!

स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गचे निकलास निल्सेन आणि त्यांचे सहकारी यांनी या कोंडीतून जी वाट काढली ती आम्हांला फार हुशारीची वाटते. थंड विरुद्ध न-थंड अशी चाचणी घेऊ देत नाहीत ना, मग ३३ अंश विरुद्ध ३६ अंश अशी घेऊ. दोन्ही गटांचे तापमान ताब्यात ठेवायचे, दोन्हीकडे ताप येऊ द्यायचा नाही. शिवाय आशा सोडण्याचे नियम आधी ठरवून टाकले: उपचार संपल्यावर ७२ तास उलटल्याशिवाय मेंदूबद्दल मत द्यायचे नाही, आणि ते देणाऱ्याला रुग्णाचा गट कळता कामा नये. म्हणजे २००२ च्या निबंधांतली दोन भोके एकदम बुजवली. २०१३ मध्ये निकाल आला. ९३९ रुग्ण, ३३ अंशांच्या गटात ५० टक्के मृत्यू, ३६ अंशांच्या गटात ४८ टक्के. मेंदूच्या स्थितीतही फरक नाही.

त्याच सुमारास आणखी एक शंका निकालात निघाली. प्राण्यांमध्ये काही मिनिटांत थंडावा मिळतो, तर युरोपातल्या २००२ च्या चाचणीत ठरलेल्या तापमानाला पोचायला साधारण आठ तास लागले होते. तेव्हा दोष उपचाराचा नसून उशिराचा असेल, असे म्हणणे रास्तच होते. सिअ‍ॅटलच्या परिसरात रुग्णवाहिकेतच शिरेतून थंड सलाइन देऊन हे तपासले गेले. १३५९ रुग्ण. जगण्याचे प्रमाण वाढले नाही; उलट रुग्णालयात पोचेपर्यंत हृदय पुन्हा थांबण्याचे प्रमाण २१ ऐवजी २६ टक्के झाले आणि फुप्फुसांत पाणी साठण्याचे प्रमाणही वाढले. पुढे आणखी घाई करून, छाती दाबणे चालू असतानाच थंड सलाइन देण्याची चाचणी ऑस्ट्रेलियात झाली. तिचा निकाल २०१६ साली आला: निलय थरथरणाऱ्या रुग्णांचे हृदय सुरू होण्याचे प्रमाण त्यामुळे घटलेलेच दिसले, ५१ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर. या चाचणीचे प्रमुख कोण? तेच बर्नार्ड, ज्यांच्या ७७ रुग्णांच्या निबंधावर सगळी इमारत उभी होती. स्वतःच्या आवडत्या कल्पनेची अशी परीक्षा घेऊन तिच्या विरुद्ध जाणारा निकाल छापणे ही गोष्ट चरित्रग्रंथांत यावी अशी आहे. पण लोकप्रिय लेखांत बर्नार्ड भेटतात ते अजूनही २००२ चेच.

२०१९ साली एका फ्रेंच चाचणीने पुन्हा आशा पालवली. ज्यांच्या हृदयाला विजेच्या झटक्याचा उपयोग नसतो अशा रुग्णांमध्ये ३३ अंशांच्या गटातले २८४ पैकी २९ जण चांगल्या स्थितीत राहिले, ३७ अंशांच्या गटातले २९७ पैकी १७. मृत्यूंमध्ये मात्र फरक नाही. वरचा हिशेब इथेही करून पाहावा; इथेही एक रुग्ण सरकवला की निकाल मर्यादेच्या अलीकडे येतो.

आणि २०२१ साली निल्सेन यांच्याच गटाची दुसरी, दुप्पट मोठी चाचणी आली. १४ देशांतले सुमारे १९०० रुग्ण. या वेळी तुलना होती ३३ अंश विरुद्ध फक्त ताप रोखणे, म्हणजे तापमान ३७.८ ला पोचले तरच हस्तक्षेप करणे. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत ९२५ रुग्णांचा हिशेब लागला: थंड गटात ४६५ मृत्यू, दुसऱ्यात ४४६. जगलेल्यांच्या अपंगत्वातही फरक नाही. रक्ताभिसरण कोलमडेल इतका हृदयाचा ताल बिघडण्याचे प्रमाण थंड गटात २४ टक्के, दुसऱ्यात १७.

यावर ‘म्हणजे वीस वर्षे डॉक्टर लोकांना उगाचच गोठवत होते’ असे मथळे निघाले, तेही आम्हांला मान्य नाहीत. हे मथळे देणारे आणि आधीचे ‘म्हणूनच’वाले एकच चूक करतात: एका आकड्यात सगळी गोष्ट बसवतात. २०१३ आणि २०२१ च्या चाचण्यांतल्या बहुसंख्य रुग्णांच्या छातीवर दाब देण्याचे काम आजूबाजूच्या लोकांनीच सुरू केले होते. अशांच्या मेंदूला मुळात इजा कमी झालेली असणार. फार जास्त इजा झालेल्यांना थंडाव्याचा उपयोग होतो का, हा प्रश्न या सरासरीत झाकला जाऊ शकतो. प्राण्यांवरचे निष्कर्षही खोटे ठरलेले नाहीत. उंदराचा मेंदू काही ग्रॅमचा, माणसाचा सुमारे १४०० ग्रॅमचा. त्याला चटकन आणि बिनधोक थंड कसे करावे हे अजून जमलेले नाही, असेही या निकालांचे वाचन होऊ शकते. आम्हांला ते अधिक पटते.

दुसरी एक बाजू मेलबर्नमध्येच दिसली. २०१३ नंतर तिथल्या एका रुग्णालयाने लक्ष्य ३३ वरून ३६ अंशांवर आणले. कागदावर दोन्ही सारखेच. प्रत्यक्षात ३६ म्हणजे ‘फारसे काही करायचे नाही’ असे समजले गेले, तापमानावरचे लक्ष ढिले पडले आणि ताप येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढली. ३३ अंश राखायचे तर परिचारिकेला दर थोड्या वेळाने तापमापक पाहावाच लागतो. २००२ पासून रुग्णांची स्थिती सुधारली असेल, तर तिच्यात या पहाऱ्याचा वाटा किती आणि थंडाव्याचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

आपल्याकडच्या वाचकांनी आणखी एक निकाल यासोबत ठेवून पाहावा. विषय जवळचा आहे, पण तोच नव्हे. जन्माच्या वेळी गुदमरलेल्या नवजात बाळांना ३३-३४ अंशांवर तीन दिवस ठेवल्याने मृत्यू आणि अपंगत्व घटते, हे श्रीमंत देशांतल्या अनेक चाचण्यांत दिसले होते आणि तिथे तो रूढ उपचार आहे. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेश यांतल्या सात रुग्णालयांत, ज्यांत मुंबईतल्या शीवचे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयही होते, ४०८ बाळांवर त्याची चाचणी झाली. २०२१ साली निकाल आला: मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांत एकूण फायदा नाही, आणि नुसते मृत्यू मोजले तर थंड केलेल्या बाळांत ४२ टक्के, न केलेल्यांत ३१. इथल्या बाळांना इजा बहुधा प्रसूतीच्या बऱ्याच आधी झालेली असते, त्यामुळे थंडावा उशिराचा ठरतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे असो वा नसो, ‘तिकडे सिद्ध झाले आहे’ एवढ्यावर इथे सरसकट थंड करत राहिलो असतो, तर हे कधी कळलेच नसते. तुलनेचा गट ठेवणे अनैतिक, की न ठेवणे, याचे उत्तर या अकरा टक्क्यांत शोधावे.

प्रौढ रुग्णांबद्दलच्या युरोपातल्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये बदलल्या. थंड करण्याचा आग्रह गेला. बेशुद्ध रुग्णाचे तापमान सतत मोजावे आणि निदान ७२ तास ते ३७.७ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, असे आता म्हटले गेले. सूचना शहाणपणाची दिसते. मौज अशी, की ताप रोखल्याने रुग्ण वाचतात हे चिठ्ठ्या टाकून, एका गटाला ताप येऊ देऊन, तेव्हा कोणी तपासलेले नव्हते. ताप येणाऱ्यांची स्थिती वाईट असते, या निरीक्षणावर ती मुख्यतः उभी होती. ताप मेंदूला इजा करतो, की इजा झालेल्या मेंदूमुळे ताप येतो, हे नुसत्या निरीक्षणातून कळत नाही. २००३ च्या शिफारशीमागे निदान दोन चाचण्या तरी होत्या.